शांततेची संस्कृती (वसई–नायगाव परिसर)

शांततेची संस्कृती : मतभेद आणि भांडणे मारहाणीवर, दंगलीवर किंवा युद्धावर जाऊ नयेत म्हणून समाजाने आधीपासून जोपासलेल्या सवयी, संबंध, संस्था आणि मूल्ये यांचे एकत्रित नाव. भांडण होतच नाही असा समाज कुठेही नाही. भांडण झाल्यावर माणसे कोणाकडे जातात, तिथे त्यांचे ऐकून घेतले जाते का आणि दिलेला निवाडा दोन्ही बाजू पाळतात का, यावर त्या समाजातील शांततेचा कस लागतो. जागतिक संकल्पनेचा थोडक्यात परिचय देऊन या नोंदीत पालघर जिल्ह्यातील नायगाव, वसई आणि त्यांना लागून असलेले भिवंडी या पट्ट्याचा अनुभव मांडला आहे. शांतता कशी मोडते आणि कशी उभी राहते, या दोन्ही गोष्टी या पट्ट्याने जवळून पाहिल्या आहेत.

संकल्पना : १९८६ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढले. युद्ध माणसाच्या रक्तातच आहे या समजुतीला विज्ञानाचा आधार नाही, असे त्यात बजावले होते. १९८९ मध्ये आयव्हरी कोस्टमधील यामुसुक्रो येथील युनेस्कोच्या परिषदेत ‘शांततेची संस्कृती’ हा शब्दप्रयोग जागतिक व्यासपीठावर आला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर १९९९ रोजी याविषयीचा जाहीरनामा आणि कृतिकार्यक्रम मंजूर केला. २००० हे वर्ष आणि २००१ ते २०१० हे दशक या विषयाला वाहिले गेले. शिक्षण, मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता, लोकशाही सहभाग, माहितीचा मोकळा प्रवाह आणि टिकाऊ विकास या साऱ्यांशिवाय शांतता अपुरी राहते, ही त्या जाहीरनाम्याची भूमिका होती. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्येच ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडली होती. कोणी कोणावर हात उगारला नाही तरी उपासमार, वेठ आणि अपमान यांनी माणसे मरत असतील, तर ती हिंसाच, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रात हा विचार युनेस्कोच्या या परिषदेच्या आधीपासून होता. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्याआधी ते कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवत होते. विनोबा भाव्यांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेना उभी केली. शांतिसैनिकाने एरवी वस्तीत सेवा करावी, म्हणजे दंगलीच्या दिवशी तो ओळखीचा माणूस म्हणून मध्ये पडू शकेल, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे भिवंडीत जे घडले त्याचा पाया हाच विचार होता, जरी ते घडवणारे विनोबांच्या सर्वोदय चळवळीतले नव्हते.

वसईचे तीन तह : वसईच्या नावाने इतिहासात तीन तह नोंदलेले आहेत. शांतता नुसत्या कागदाने येत नाही, हे त्यांतल्या दोन तहांवरून स्पष्ट दिसते.

पहिला तह डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने पोर्तुगिजांकडे वळला आणि वसई व आसपासचा मुलूख त्याने त्यांना देऊन टाकला. इथल्या कोळ्यांना, आगऱ्यांना, भंडाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना कोणी विचारले नाही. पुढच्या दोनशे वर्षांत वसई वैभवाला चढली, पण देवळे पडली, धर्मांतराची सक्ती झाली आणि असंतोष साठत गेला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे दाद मागितली ती याच असंतोषातून.

तिसरा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव वसईला आला आणि त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. तहाची शाई वाळते न वाळते तोच १८०३ मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि असईच्या रणात हजारो माणसे पडली. शिंदे आणि भोसले यांना न विचारता केलेला हा करार त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

मधला तह मात्र वेगळा आणि अधिक अभ्यासण्यासारखा आहे. १७३७ मध्ये सुरू झालेली चिमाजी अप्पांची मोहीम मे १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्यापाशी संपली. वेढा अत्यंत रक्तरंजित होता आणि दोन्ही बाजूंची हानी मोठी होती. अशा विजयानंतर शहर लुटणे आणि शरण आलेल्यांची कत्तल करणे हे त्या काळी अनेक ठिकाणी घडे. १६ मे १७३९ च्या शरणागतीच्या अटींत मात्र पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांनिशी, मानाने बाहेर पडण्याची मुभा होती, रहिवाशांना आपली चीजवस्तू घेऊन जाता येणार होते आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याचे अभय होते. चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या गेल्या. भीमाशंकर आणि मेणवली येथे अशा घंटा आजही आहेत. तरीही ज्या सत्तेविरुद्ध धर्मछळाची तक्रार होती, तिच्या पराभवानंतर तिच्या धर्माच्या प्रजेवर सूड उगवला गेला नाही, ही गोष्ट या परिसराच्या पुढच्या अडीचशे वर्षांना वळण देणारी ठरली. वसईतला ख्रिस्ती समाज मराठी मुलखात मराठी बोलत राहिला, त्यामागे हे अभयही आहे. शाळेच्या पुस्तकांत वसईचा विजय शिकवला जातो. त्या विजयानंतरच्या अटीही शिकवल्या पाहिजेत.

भाषा आणि शेजार : वसईच्या ख्रिस्ती समाजाची प्रार्थना, नियतकालिके आणि साहित्य मराठीत आहे. सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही धर्मांच्या घरांत ऐकू येतात. हे सहजपण टिकवण्यासाठी काही माणसांनी आयुष्य वेचले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि चर्चच्या मुखपत्राचे रूपांतर मराठी वाचकांच्या वैचारिक मासिकात केले. ‘सुबोध बायबल – नवा करार’साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान देण्यास काहींनी विरोध केला, तरी संमेलन पार पडले. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा डॉक्टरेटचा प्रबंध संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर आहे. दुसऱ्याच्या संताचा असा मनापासून अभ्यास करणे हे धर्मांमधल्या संवादाचे फार भक्कम रूप आहे.

दिब्रिटोंचे दुसरे काम अधिक जोखमीचे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर गेली आणि जमिनींसाठी दहशत सुरू झाली. त्यांचा सहभाग असलेल्या हरित वसई संरक्षण समितीने त्या दहशतीला उघडपणे, मोर्चे काढून आणि निर्धाराने तोंड दिले. तिच्या सभांना हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एकत्र बसत. गुंडगिरीला गुंडगिरीने उत्तर न देताही माघार न घेण्याचा हा पाठ वसईच्या एका पिढीने गिरवला. तालुक्याच्या डोंगराळ भागात, उसगाव केंद्र धरून, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून आदिवासी वेठबिगारांची सुटका हाती घेतली. १९९९ चा गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार या दांपत्याला मिळाला. मालकाच्या कर्जात पिढ्यान् पिढ्या अडकलेला माणूस गप्प बसला आहे म्हणून गावात शांतता आहे, असे म्हणता येत नाही. गाल्टुंग यांची संरचनात्मक हिंसा इथे नावागावानिशी भेटते.

भिवंडीचा प्रयोग : वसई रोड–दिवा रेल्वेमार्गावर नायगाव पूर्वेचे जूचंद्र स्थानक आहे. त्याच मार्गावर कामण रोड आणि खारबावनंतर भिवंडी रोड लागते. या यंत्रमागांच्या शहराने मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भीषण दंगल पाहिली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये तिथे पुन्हा आग लागली. त्यानंतर भिवंडीचे नाव देशभर दंगलीचे गाव म्हणूनच घेतले जाऊ लागले.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. जुन्या दंगलींच्या कागदपत्रांचा त्यांनी अभ्यास केला. पुढारी आणि प्रतिष्ठितांच्या शांतता समित्या दंगल पेटल्यावर जमत आणि पत्रक काढून विखुरत. खोपडे यांनी ही रीत सोडली आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यात सुमारे ७० समित्या उभारल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान निम्मे-निम्मे, तेही साधे लोक : कामगार, दुकानदार, शिक्षक. त्या त्या भागाचा पोलीस बैठकीला हजर राही. दंगल नसतानाही बैठका नियमित होत, आणि नळ, गटार, भाडे, शेजाऱ्यांची कटकट असे रोजचेच प्रश्न तिथे येत. पोलीस म्हणजे फक्त लाठी नव्हे, तर नावाने हाक मारता येणारा माणूस, ही जाणीव दोन्ही समाजांत हळूहळू रुजली. गटाराच्या तक्रारीसाठी चार वर्षे एकाच सतरंजीवर बसलेली माणसे अफवेच्या रात्री एकमेकांच्या दारावर थाप मारू शकत होती.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तिथे ९०० माणसे मारली गेली. मुंबईपासून इतक्या जवळचे, दंगलीचा इतिहास असलेले भिवंडी मात्र शांत राहिले. खोपडे यांनी आपला अनुभव ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात मांडला. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. नुसत्या शेजारापेक्षा संघटनांमधले, कामाच्या निमित्ताने जुळलेले आंतरधर्मीय संबंध दंगलीच्या वेळी अधिक टिकतात, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मुंबईत १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. तिचे क्रिकेटचे सामने बरेच गाजले.

हा प्रयोग कायमचा इलाज ठरला असे मानणे चुकीचे होईल. अधिकारी बदलले, बैठका विरळ झाल्या. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून उसळलेल्या हिंसाचारात पोलीस गोळीबाराने आंदोलक मारले गेले आणि त्याच रात्री दोन पोलिसांना जमावाने ठार केले. लोक आणि पोलीस यांच्यात जो विश्वास १९८८ नंतर जुळवला गेला होता, तोच धागा इथे तुटला.

गावपातळीवरील यंत्रणा : राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेतून निवडलेल्या समितीने दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे, असे तिचे स्वरूप होते. ती ग्रामपंचायतींसाठी होती. वसईत ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि ग्रामसभेसारखे तोंडी, समोरासमोरचे व्यासपीठ अनेक गावांतून गेले. त्यांतील २९ गावे महापालिकेत असावीत की नसावीत, हा वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला.

समुद्रात तंटे आणखी अवघड होतात. डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रतळात रोवलेल्या खांबांवरून (कवींवरून) वसई-उत्तनचे मच्छीमार आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात जुना वाद आहे. हा धर्माचा प्रश्न नाही, तरी मासे घटू लागल्यावर हद्दीचे भांडण धारदार होते. संस्थांच्या बैठका, गावपाटलांचा शब्द आणि मत्स्यव्यवसाय खात्याची मध्यस्थी यांवरच हा वाद आजवर आवरला गेला आहे. शांततेच्या चर्चेत मासळीचा साठा हा विषय कोणी धरत नाही. किनाऱ्यावर तोच मूळ विषय आहे.

अफवा : याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने जमाव जमला आणि दोन साधू व त्यांचा गाडीचालक यांची हत्या झाली. पोलीस हजर असूनही जमाव थांबला नाही. नंतर देशभर या घटनेला धार्मिक रंग देण्याचे प्रयत्न झाले. टाळेबंदीची भीती, अनोळखी माणसांविषयीचा संशय आणि मोबाईलवरून पसरणारी बातमी यांनी काही तासांत तीन जीव घेतले. जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी जखम आहे.

नायगाव आज : वसईच्या खाडीकाठी नायगाव कोळीवाडा, खाडीतले पाणजू बेट, मिठागरांचा पट्टा आणि रांगोळी कलावंतांसाठी प्रसिद्ध असलेले जूचंद्र, असे हे जुने गाव. रेल्वेच्या पूर्वेला गेल्या काही वर्षांत उंच इमारतींची दाट वस्ती उभी राहिली आहे. देशाच्या अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे तिथे राहतात. लोक पहाटे लोकल पकडतात, रात्री परततात, आणि मजल्यावरच्या शेजाऱ्याचे नाव माहीत नसणे साधारण झाले आहे. पाणी, पार्किंग, सणातले लाउडस्पीकर, मासळीचा वास, भाषा यांवरून कुरबुरी होतात. अशा कुरबुरी सोडवण्यासाठी कोळीवाड्यात पाटील आणि जमात आहे, चर्चच्या धर्मग्रामात धर्मगुरू आहे. नव्या संकुलांत गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी असते, आणि तिचा बहुतेक वेळ देखभाल खर्चाच्या हिशेबात जातो.

भिवंडीच्या अनुभवावरून इथे काय करायचे ते ठरवता येते, आणि त्याला फारसा खर्चही नाही. प्रत्येक संकुलातून, कोळीवाड्यातून आणि आगरी पाड्यातून दोन-दोन माणसे, त्यांत निम्म्या स्त्रिया, आणि त्या भागाचा बीट पोलीस यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. पहिल्या बैठकीत पाण्याचा प्रश्न घ्यावा, कारण तो सर्वांचा आहे. नायगावकरांनी ही बैठक भांडण पेटायच्या आधी, याच महिन्यात बोलवावी.