दळणाची घटका

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ १२व्या शतकातला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. राजाच्या ग्रंथात कांडणाऱ्या बायांना जागा मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कांडण उखळात, दळण जात्यावर, ओवी दोन्हीकडची. माझी आजी पहाटे, घर उठायच्या आधी दळायला बसे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने जात्याच्या तोंडात मूठ मूठ वैरण सोडायची. वैरण जास्त झाली की पीठ भरड पडतं, कमी झाली की दगडावर दगड घासतो. म्हणून चित्त हातावरच ठेवावं लागतं. ओवी चालते ती त्या फेऱ्याच्या लयीत, दमाच्या बेताने. माहेर, भाऊ, विठोबा, सासूचा जाच, दिवसभर जे बोलता येत नसे ते आजी तिथे बोलायची.

याला विसावा म्हणू नये. खांदे भरून येत. कष्ट सक्तीचेच होते. बायांनी त्यातून स्वतःपुरती घटका काढली, हे कर्तृत्व त्यांचं.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. खांदे सुटले, ओवीची बैठक मोडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून ओव्या गोळा केल्या. तो संग्रह १ लाखाच्या वर आहे. गाणारणींची नावं, गावंही त्यात जपली आहेत.

माझ्या आजीचं नाव त्यात नाही. तिच्या चार-पाच ओव्या मला येतात. कणीक तिंबताना मी त्या मोठ्याने म्हणते. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत असतो.