नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो बडोद्याहून आला आहे. तिथल्या एका आजोबांचं पत्र आलं. त्यांना नात झाली. सूनबाईंनी नाव सुचवलं आनंदी. घरातल्या थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, "ध चा मा करणारीचं नाव आपल्या घरात नको." बारसं पुढं ढकललंय आणि आजोबा विचारतात, कर्नलसाहेब, इतिहास काय म्हणतो?

इतिहास बारशाला येत नाही, तो आत्याबाईंच्या तोंडून बोलतो. म्हणून आधी आत्याबाईंचा आरोप तपासू. फौजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते तेव्हा पहिला प्रश्न असतो, नेमकं घडलं काय?

३० ऑगस्ट १७७३. पुणं, शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. पेशवा नारायणराव अवघा अठरा वर्षांचा. पगार थकल्याचं निमित्त करून गारदी वाड्यात घुसले, पोरगा काकाकडे धावला आणि काकाच्या समोर कापला गेला. काका म्हणजे रघुनाथराव, आपले राघोबादादा. गारद्यांना दिलेल्या हुकुमात 'धरावे' असा शब्द होता, तो 'मारावे' असा केला गेला आणि ती खाडाखोड आनंदीबाईंनी केली, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. पण ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही त्यांनाच. सांगितलं आणि पुणं सोडून गेले.

आता गंमत बघा. न्यायाधीशाने ज्याला दोषी ठरवलं त्याच्या नावाचं काय झालं? काहीच नाही. गेल्या अडीचशे वर्षांत किती रघुनाथ जन्मले असतील मोजा. पाळण्यात रघुनाथ म्हटलं की कुणालाही राघोबा आठवत नाही, प्रभू रामचंद्र आठवतो. दोन माणसांच्या नावावर एकाच रात्रीचं रक्त उडालं, एकाचं रामाने धुतलं आणि बाईचं मात्र म्हणीत जाऊन बसलं. याला मी इतिहास म्हणत नाही, सोय म्हणतो.

आणि बाईचं तरी खरंच बसलं का? इथे मी आत्याबाईंना एक घर दाखवतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. पहिल्या पत्नीपासून त्यांना १८८२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव रघुनाथ. हेच पुढे संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. पुण्याकोकणात वादळ उठलं, मुरूडला बहिष्कार पडला. लग्नात नाव बदलायची रीत होती. गोदूबाईंना नवं नाव मिळालं आनंदीबाई. म्हणजे एकाच छपराखाली रघुनाथ आणि आनंदी! वादळ उठलं ते विधवेच्या लग्नावरून.

त्याआधी वीसेक वर्षं, १८७४ मध्ये, गोपाळराव जोशांनी नऊ वर्षांच्या यमुनेशी लग्न केलं आणि तिचंही नाव आनंदी ठेवलं. तीच १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी. परत आली आणि वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत क्षयाने गेली. शनिवारवाड्यातल्या त्या रात्रीला तेव्हा जेमतेम शंभर वर्षं झाली होती, आजच्यापेक्षा ती आठवण कितीतरी ताजी होती. तरी ही दोन माणसं कचरली नाहीत. तेव्हा बडोदेकर आजोबा, आनंदी नाव खुशाल ठेवा. आत्याबाईंनी विचारलं तर डॉक्टर आनंदीबाईंचं नाव सांगा.

पण म्हणून सगळीच नावं अशी धुतली जातात, असं मात्र नाही. त्यासाठी राघोबादादांबरोबरच उत्तरेत जाऊ. एप्रिल १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या, सेनापती हेच राघोबादादा, बरोबर मल्हारराव होळकर. लाहोरातून पळाला कोण? अहमदशहा अब्दालीचा मुलगा आणि पंजाबचा सुभेदार. त्याचं नाव तैमूर शाह. पुढे तो काबूलचा बादशहा झाला, त्याची कबर आजही काबुलात आहे. अब्दालीने मुलाला तैमूर हे नाव दिलं ते अभिमानाने. ज्या दिल्लीला तो लुटत होता त्या दिल्लीचे मोगलही स्वतःला तैमूरचे वंशज म्हणून मिरवत. आणि त्याच वंशातल्या शाहआलमला महादजी शिंद्यांनी १७७२ मध्ये दिल्लीच्या गादीवर आणून बसवलं. म्हणजे तैमूरच्या मुलुखात ते नाव म्हणजे राजमुद्रा होती.

दिल्लीकरांच्या लेखी मात्र ते नाव काय आहे? डिसेंबर १३९८. सुलतान महमूद तुघलकाशी लढाईला उभं राहण्याआधी तैमूरच्या छावणीत हजारो हिंदुस्थानी कैदी होते. लढाईत ते मागून उठतील या धास्तीने त्याने त्यांची कत्तल करवली. त्याच्याच बाजूचे इतिहासकार आकडा देतात एक लाख. फौजी माणूस म्हणून असे गोल आकडे मी जपून घेतो, कारण लाखभर कैद्यांना पाणी पाजायचं म्हटलं तरी काय लागतं ते मला ठाऊक आहे. पण कत्तल झाली यात वाद नाही. तुघलकाच्या हत्तींपुढे त्याने पाठीवर पेटतं गवत लादलेले उंट सोडले, हत्ती उलटून स्वतःच्याच फौजेवर आले. लढाई म्हणून हा डाव अव्वल होता हे मान्य करावं लागतं. त्यानंतर दिल्लीत जे झालं त्याला लढाई म्हणत नाहीत. शहर कित्येक दिवस लुटलं गेलं, कारागीर बांधून समरकंदला नेले, मागे उपासमार राहिली.

आता रशियात चला. १९४० मध्ये अर्कादी गायदार या लेखकाने मुलांसाठी कादंबरी लिहिली, 'तिमूर आणि त्याची तुकडी'. नायक तिमूर हा एक शाळकरी पोर. घरचा माणूस सैन्यात गेलाय अशा घरांना त्याची टोळी गुपचूप मदत करते, पाणी भरते, लाकडं रचते. सोव्हिएत देशभर पोरांनी अशा टोळ्या काढल्या. वर्षभरात हिटलरचा हल्ला झाला तेव्हा त्या खरोखर कामाला आल्या. गायदार स्वतः १९४१ च्या ऑक्टोबरात लढताना मारला गेला. नायकाचं नाव त्याने आपल्या मुलाच्या नावावरून घेतलं होतं, आणि तो मुलगा तिमूर गायदार पुढे सोव्हिएत नौदलात रिअर ॲडमिरल झाला. सैनिक सीमेवर असताना त्याच्या घरी सरपण आणून टाकणारा मुलगा म्हणजे तिमूर! मी पस्तीस वर्षं वर्दीत होतो, माझ्या बायकोला असा एखादा तिमूर शेजारी मिळाला असता तर बरं झालं असतं.

शब्दाचा अर्थ म्हणाल तर लोखंड, इतकंच. १९९१ नंतर उझबेकिस्तानने त्याला राष्ट्रपुरुष केलं. ताश्कंदच्या मधल्या चौकात पूर्वी कार्ल मार्क्स होता, तिथे आता घोड्यावर बसलेला अमीर तैमूर आहे.

२०१६ च्या डिसेंबरात मुंबईत एका सिनेकलावंत जोडप्याने मुलाचं नाव तैमूर ठेवलं आणि देशभर जो गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेल. मला तेव्हाही विचारलं होतं. माझं मत तेच आहे. दिल्लीची आठवण खोटी नाही, ज्याला ते नाव ऐकून कसंतरी होतं त्याला वेडा ठरवू नये. आईबापांनी एवढा विचार करायला हवा की पोर वाढणार आहे ते ताश्कंदात नाही, इथे. पण पाळण्यातल्या पोरावर तोफा डागणं हे कुठल्याच फौजेत शौर्य समजलं जात नाही.

आनंदी धुतली गेली आणि तैमूर इथे का धुतला गेला नाही, याचं कारण मला साधं वाटतं. नाव वापरात असलं की ते वाहत्या पाण्यासारखं असतं. घरोघरी आनंदी असल्या की पेशवीण त्यांतली एक उरते. नाव दुर्मीळ असलं की एकच माणूस ते अडवून बसतो. ॲडॉल्फ हे जर्मनांचं रोजचं नाव होतं. बुटांचा कारखाना काढणारे डासलर १९०० सालचे ॲडॉल्फच, लाडाने आदी, त्यावरून आदिदास. आपण ते नाव पायात घालून फिरतो आणि कळतही नाही. पण युद्धानंतर जर्मनीत नवे ॲडॉल्फ जवळपास थांबले. आणि आपल्या मेघालयात मात्र ॲडॉल्फ लू हिटलर मराक नावाचे गृहस्थ आमदार होते, मंत्री होते! गारो टेकड्यांत त्या नावामागे ना छळछावण्या होत्या ना घरातलं कुणी मेलेलं. भारदस्त परदेशी नाव, एवढंच.

कधी कधी नाव ठेवताना निर्मळ असतं आणि डाग मागाहून पडतो. चेन्नईत १ मार्च १९५३ ला करुणानिधींना मुलगा झाला. ५ मार्चला मॉस्कोत स्टॅलिन वारला. शोकसभेत बोलताना करुणानिधींनी मुलाचं नाव जाहीर केलं, स्टॅलिन. तेव्हा तो हिटलरला हरवणारा माणूस होता. तीन वर्षांनी ख्रुश्चेव्हने त्याची कृत्यं पक्षापुढे मांडली, १९६१ मध्ये स्टॅलिनग्राडचं व्होल्गोग्राड झालं. शहराचं नाव सरकारला बदलता आलं. चेन्नईतला मुलगा त्याच नावाने मोठा झाला आणि २०२१ मध्ये मुख्यमंत्री झाला. आज तमिळनाडूत स्टॅलिन म्हटलं की रशिया किती जणांना आठवतो, तुम्हीच सांगा.

माझ्या युनिटच्या नॉमिनल रोलवर लेनिन होता, सिकंदर होता, आणि आपल्या गावाकडचे दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी तर होतेच. उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांना नवल वाटायचं, आईबाप पोराचं नाव कचरा कसं ठेवतात? मी सांगायचो, आधीची दोन-तीन पोरं पाळण्यातच गेलेली असतात. हे पोर टाकाऊ आहे असं सटवाईला, नजर लावणाऱ्याला भासवायचं, म्हणजे ते टिकतं. शत्रूची दिशाभूल, दुसरं काय! ज्याचं नाव कचरू तो घरात सगळ्यात जपलेला असायचा. रोलवरच्या त्या नावांमागे मला नेहमी एक घाबरलेली आई दिसायची.

वरून तसंच दिसणारं पण आतून अगदी उलटं नाव म्हणजे नकुशी, नकुसा. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगीच झाली. इथे कुणाची दिशाभूल करायची नसते. जे मनात आहे तेच जन्मदाखल्यावर लिहिलं जातं. वर्गात हजेरी घेताना रोज सकाळी सगळ्यांसमोर पुकारलं जातं, नकुसा, आणि मुलीने म्हणायचं, हजर. तैमूर, हिटलर, स्टॅलिन यांच्यापैकी कुणीही शेकडो वर्षांपूर्वीचा किंवा हजारो मैलांवरचा. हा डाग घरातल्याच माणसांनी लावलेला, आणि पोरीला त्याचा अर्थ शब्दकोशात बघावा लागत नाही.

सातारा हा शूरांचा जिल्हा, फौजेत त्याचा मोठा मान. तिथे मुलींची गळती फार झाली होती, सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली नऊशेच्याही खाली आल्या होत्या. तिथल्या प्रशासनाने अशा नावाच्या मुली शोधून काढल्या. २२ ऑक्टोबर २०११ ला कार्यक्रम झाला आणि २८५ मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. पाळण्यात कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आता विचारलं. कुणी सिनेमातलं ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली.

नाव बदलणं सोपं नसतं. फौजेत मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघते, तिच्यात एक वेलांटी चुकली तर तीस वर्षांनी पेन्शनच्या वेळी म्हातारीला खेटे घालावे लागतात. या मुलींपुढेही शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सगळी रांग होतीच. शिवाय गावाच्या तोंडातलं जुनं नाव कुठल्या कचेरीतून बदलून मिळत नाही. पण आता त्यांतल्या पुष्कळजणी विशी ओलांडून गेल्या असतील, काहींच्या घरी पाळणाही हलला असेल. तिथं मुलीचं नाव काय ठेवलंय, हे मला ऐकायला आवडेल.