शंभर दिवसांचा बोर्ड, तीन दिवसांचा गल्ला

बनशंकरीहून नम्म मेट्रोची हिरवी गाडी पकडली की थोड्याच वेळात मॅजेस्टिक येतं. हे नाव मुळात एका थिएटरचं. थिएटर केव्हाच पडलं, नाव मात्र बसस्टँडला आणि सगळ्या परिसराला चिकटून राहिलं. बंगळूरच्या दक्षिणेकडच्या वसाहतींतली माणसं मल्टिप्लेक्स येईपर्यंत मोठा सिनेमा पाहायला इथेच, केम्पेगौडा रोडवर येत. शेजारच्या गांधीनगरात वितरकांची कार्यालयं. कन्नड सिनेधंद्याला आजही नुसतं ‘गांधीनगर’ म्हणतात.

या धंद्याचा पहिला बोलपट मराठी मुलखात तयार झाला, हे फारसं कुणाला आठवत नाही. ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला. ३ मार्च १९३४ रोजी तो बंगळूरच्या सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंटमध्ये लागला आणि सहा आठवडे चालला. तेव्हा सहा आठवडे म्हणजे मोठं यश.

पुढे मोजमाप आठवड्यांवरून शंभर दिवसांवर गेलं. जाहिरातीत एका ‘मेन थिएटर’चं नाव ठळक छापायचं, त्याच्या दारात नायकाचा उंचच उंच कटआउट उभारायचा, त्याला हार घालायचे, दुधाने न्हाऊ घालायचं. हा सगळा थाट पहिल्या दिवसाचा. खरी परीक्षा शंभराव्या दिवसाचा बोर्ड लागतो की नाही, ही. मार्चअखेर परीक्षा संपतात, पाठोपाठ उगादी आणि लांबलचक सुट्टी येते, म्हणून निर्मात्यांचा डोळा उन्हाळ्यावर असे.

३१ मार्च १९७२ रोजी लागलेला राजकुमार यांचा ‘बंगारद मनुष्य’ हा त्या मोजमापाचा कळस. सिद्धलिंगय्या यांचं दिग्दर्शन, टी. के. रामराव यांची कादंबरी, आणि गोष्ट शेतीत रमणाऱ्या नायकाची. केम्पेगौडा रोडवरच्या स्टेट्स थिएटरात तो सुमारे दोन वर्षं मुक्काम ठोकून होता. चित्रपट पाहून शहरातली तरुण मुलं गावी शेतीला परतली, अशी आख्यायिका कर्नाटकात आजही सांगतात. तिच्यातली अतिशयोक्ती सोडून देऊ. पण पहिल्या आठवड्याचे ढोल दोन वर्षं पुरत नाहीत. तिथे माणसाने माणसाला सांगावं लागतं.

तीनच वर्षांनी याच शहराजवळ याचा उलटा नमुना पाहायला मिळाला. बंगळूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामनगरच्या खडकांत ‘शोले’ चित्रित झाला आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. अफाट खर्च, अफाट गाजावाजा, आणि पहिल्या आठवड्यात थंड प्रतिसाद. धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला असं जाहीर करून टाकलं. अमिताभचं पात्र जिवंत ठेवून शेवट बदलावा, असा विचारही झाला. मग तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. त्याच वर्षी मे महिन्यात कुणाच्या खिजगणतीत नसलेला, स्वस्तात बनवलेला ‘जय संतोषी माँ’ आला होता. बायाबापड्या चपला बाहेर काढून आत जाऊ लागल्या आणि पंडितांची बोलती बंद झाली.

मराठीचं ठळक उदाहरण ‘सैराट’चं. २९ एप्रिल २०१६, ऐन उन्हाळा. नागराज मंजुळेंकडे नावाजलेला नट नव्हता, खर्च चारेक कोटींचा. अगदीच अनपेक्षित म्हणता येत नाही, कारण अजय-अतुलची गाणी आधीच घराघरांत पोचली होती. पण शंभर कोटींचा पल्ला कुणी धरला नव्हता. तो गाठणारा हा पहिला मराठी चित्रपट. गांधीनगरने लगेच हात पुढे केला. रॉकलाइन वेंकटेश यांनी ‘मनसु मल्लिगे’ हा त्याचा कन्नड रिमेक काढला, एस. नारायण यांनी दिग्दर्शन केलं, नायिका पुन्हा रिंकू राजगुरू. चाली त्याच, हंगामही तोच: मार्चअखेर, २०१७. मूळ चित्रपटाच्या यशाच्या जवळपासही तो पोचला नाही.

आता मोजपट्टीच बदलली आहे. हजारो पडद्यांवर एकदम झळकायचं आणि पहिल्या तीन दिवसांचा गल्ला मिरवायचा. १४ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या ‘केजीएफ : चॅप्टर २’च्या नुसत्या हिंदी आवृत्तीने पहिल्याच दिवशी पन्नास कोटींवर मजल मारली, पुढे जगभरातली कमाई हजार कोटींपलीकडे गेली. इथे गाजावाजा खरा ठरला. मग त्याच साच्याचा ‘कब्जा’ मार्च २०२३ मध्ये उपेंद्र आणि सुदीप यांना घेऊन आला, आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. मधल्या काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, ‘कांतारा’ निमूटपणे फक्त कन्नडमध्ये लागला होता. तोंडी प्रसिद्धी एवढी झाली की निर्मात्यांना दोनेक आठवड्यांत हिंदी आवृत्ती काढावी लागली.

पहिल्या तीन दिवसांचा आकडा म्हणजे बव्हंशी जाहिरातीचीच वसुली. शंभर दिवसांचा बोर्ड निदान प्रेक्षकाचं मत सांगत असे. म्हणून यंदा उन्हाळ्यात रविवारच्या गल्ल्याच्या बातम्या वाचाल, तेव्हा घाई करू नका. सोमवारच्या दुपारच्या खेळाला किती खुर्च्या भरल्या, तेवढं विचारा.