भातखाचरातून बरणीत

फायटर मासा विकत घेताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "याला काही लागत नाही. पंप नको, मोठा टँक नको. बरणीत ठेवा, राहतो." मीही हेच ऐकून २०२१च्या पावसाळ्यात खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी एक निळा फायटर आणला. प्लास्टिकच्या पिशवीत वाटीभर पाणी आणि त्यात तो. आईने लोणच्याची रिकामी बरणी घासूनपुसून दिली. मासा खरंच राहिला. पण त्या "राहतो"मागे बराच मोठा इतिहास आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि काही मासे गमवावे लागले.

खाचरातला मासा

फायटरचं शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडन्स. त्याचं मूळ घर मध्य थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात. तिथली भातखाचरं, दलदली, गवताने भरलेलं उथळ पाणी ही त्याची जागा. असं पाणी माशांसाठी सोपं नसतं. ते वाहत नाही, उन्हाने तापतं आणि कुजणारा पालापाचोळा त्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. कल्ल्यांवरच अवलंबून असलेला मासा तिथे गुदमरतो.

फायटरकडे यावर एक उपाय आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, घडी घातल्यासारख्या पडद्यांचा एक अवयव असतो. भूलभुलैयासारखी रचना म्हणून त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि या अवयवातून प्राणवायू शोषतो. त्यामुळे पाणी आटून डबक्याएवढं उरलं तरी तो पुढच्या पावसापर्यंत तग धरू शकतो.

आपल्याला हे अगदी परकं वाटायला नको. बाजारात पाण्याबाहेर काढल्यावरही बराच वेळ जिवंत राहणारा मरळ फायटरचा लांबचा नातलग आहे आणि तोही वरची हवा घेतो. पनवेल-उरणकडच्या जुन्या माणसांना वळगण आठवते. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढत ओढ्यांतून खाचरांत यायचे आणि लोक ते धरायला बांधावर जायचे. भाताचं शेत हे माशांचंही घर असतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

मग १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढले. जानेवारी १९८४च्या जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. भात पिकवणाऱ्या त्याच पट्ट्यात नवीन पनवेल उभं राहिलं आणि त्यातच आमची खांदा कॉलनी. भातखाचरात वाढलेला एक मासा, भातखाचरं बुजवून झालेल्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, लोणच्याच्या बरणीत येऊन पोहोचला होता.

पैजेचा मासा

थाई भाषेत फायटरला प्लाकात म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. खाचरातून दोन नर पकडून एका भांड्यात सोडायचे आणि कोण जिंकतो ते पाहायचं, हा तिथला जुना खेळ. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने हा मासा पाळीव करायला किमान हजार वर्षांपूर्वी सुरुवात केली. इतका काळ माणसाने निवडून वाढवलेले मासे फार थोडे आहेत.

यात एक गोष्ट नीट बघायला हवी. खाचरातही दोन नर भिडतात. कल्ले फुगवतात, पर ताणतात, रंग गडद करतात, चावे घेतात. पण तिथे हरणाऱ्याला पळायला जागा असते. तो गवतात शिरतो आणि भांडण काही मिनिटांत मिटतं. भांड्यात पळायला जागा नसते. त्यातच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या माघार न घेणारे नर निवडून त्यांचीच पैदास केली. त्यामुळे लढाया तासन्‌तास चालू लागल्या. आपण ज्याला या माशाचा स्वभाव म्हणतो त्यातला बराचसा भाग भांड्याने आणि पैजेने घडवलेला आहे.

सयाममध्ये हा खेळ इतका लोकप्रिय होता की झुंजी लावण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई आणि त्यातून राजाला दरवर्षी चांगलं उत्पन्न मिळे. ही माहिती छापून आली ती आपल्याच देशात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीत असलेला थिओडोर कँटर नावाचा डॅनिश डॉक्टर होता. १८४०च्या सुमारास सयामच्या राजाकडचे काही मासे एका माणसामार्फत त्याच्याकडे पोहोचले, असं सांगितलं जातं. १८४९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने मलाया भागातल्या माशांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात या झुंजार माशाचं वर्णन होतं. पण नावाचा घोळ झाला. त्याने वापरलेलं 'पग्नॅक्स' हे नाव दुसऱ्याच एका जातीचं होतं. तो घोळ साठ वर्षांनी मिटला. १९१० साली ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन याने आपल्या या माशाला नवं नाव दिलं: स्प्लेंडन्स, म्हणजे झळाळणारा. पहिल्या नावात झुंज होती, दुसऱ्यात रंग आला. पुढच्या शतकात माशाचंही तसंच झालं.

शोभेचा मासा

१८७४च्या सुमारास फायटर फ्रान्समध्ये पोहोचला, १९१०च्या सुमारास अमेरिकेत. तिथल्या शौकिनांना त्याच्या झुंजीपेक्षा त्याचे पर आणि रंग हवे होते. १९२७ साली कॅलिफोर्नियात फ्रँक लॉक याच्याकडे आलेल्या माशांत एक फिक्या अंगाचा, लाल परांचा नर होता. ही नवीच जात आहे असं वाटून त्याने तिला 'बेट्टा कंबोडिया' असं नाव दिलं. प्रत्यक्षात तो फायटरचाच एक रंगभेद होता. म्हणजे पैदास करणाऱ्यांनी तोवर इतका फरक पाडला होता की जाणकारही फसले.

त्यानंतर पदरासारख्या लोंबत्या शेपटीचा व्हेलटेल आला. मग शेपटी अर्धवर्तुळासारखी पूर्ण १८० अंशांत उघडणारा हाफमून. १९९७ साली इंडोनेशियात मुकुटासारख्या दातेरी परांचा क्राउनटेल. रानातला फायटर मात्र मळकट तपकिरी-हिरवा आणि आखूड परांचा असतो, रंग चमकतो तो भांडताना किंवा मादीसमोर. दुकानातला हाफमून इतका जड पदर ओढत पोहतो की थोडं अंतर गेला की पानावर टेकतो. काही नर स्वतःची शेपटी कुरतडतात.

मुंबईकरांच्या किती तरी पिढ्यांनी मासे काचेआड पाहिले ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. शाळेची सहल तिथे जायची आणि परत आल्यावर मुलं घरी टँकचा हट्ट धरायची. टँक, दगड, मासे घ्यायला क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ला. टँक महाग पडला तर फायटर. बरणीत राहणारा, कमी पैशांतला, सर्वात रंगीत मासा. त्याच्या फुप्फुसासारख्या अवयवाने त्याला दुष्काळात वाचवलं होतं. आता त्याच अवयवामुळे तो दुकानाच्या फळीवर, पाव लिटर पाण्यात, ओळीने मांडता येऊ लागला.

घरटं

पैदास करून बघायची हौस मला २०२२मध्ये आली. एका टबात पाच इंच पाणी घेतलं. कॉलनीतल्या देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन त्यात सोडलं. थायलंडमध्येही हेच पान वापरतात, त्याने पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि माशाला मानवतं. मादी आधी काचेच्या ग्लासात, नराला दिसेल अशी. नराने दोन दिवसांत तोंडातून बुडबुडे सोडत पानाखाली फेसाचं घरटं बांधलं. मग मादीला सोडलं.

जुगताना नर मादीभोवती गुंडाळला जातो, अंडी खाली पडू लागतात आणि नर ती एकेक तोंडात उचलून घरट्यात चिकटवतो. मादीला लगेच काढावं लागतं, नाही तर अंडी खाल्ली जातात किंवा नर तिला मारतो. नंतर सगळं काम बापाचं. दीड दिवसाने पिल्लं फुटली. शेपटी खाली, धाग्यासारखी लोंबत होती. एखादं निसटलं की नर धावायचा, तोंडात धरायचा, परत वर ठेवायचा. रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात मी ते पाहत बसलो होतो. फायटर या नावाने विकला जाणारा हा मासा तीन दिवस काही न खाता पिल्लं उचलत होता.

पिल्लं आडवी पोहू लागली तेव्हा नराला बाजूला केलं. कोबीच्या पानाच्या पाण्यात वाढवलेले सूक्ष्मजीव, मग ब्राइन श्रिम्प. टबावर प्लास्टिक ताणलं, कारण लॅबिरिंथ तयार होत असताना गार हवा लागली तर पिल्लं मरतात. अर्ध्याहून अधिक गेलीच. तरी साठ-सत्तर वाचली आणि तिसऱ्या महिन्यात नरांनी एकमेकांचे पर फाडायला सुरुवात केली.

त्यांना वेगळं करण्यापलीकडे इलाज नव्हता. एकतीस नर, म्हणून एकतीस भांडी. जॅमच्या बरण्या, कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, शेजाऱ्यांनी दिलेले डबे. मध्ये पुठ्ठे, नाही तर दिवसभर एकमेकांना पाहून फुगत राहतात. आई म्हणाली, "अरे, हे तर दुकानच झालं की." दर दोन दिवसांनी एकतीस बरण्यांचं पाणी बदलायचं. डिसेंबरात दोन-तीन रात्री गार पडल्या. मोठ्या टँकचं पाणी हळूहळू थंड होतं, बरणीचं भराभर. त्या आठवड्यात नऊ मासे गेले. दोष हवेचा नव्हता, माझा होता.

तेव्हा मला "राहतो" या शब्दाचा अर्थ कळला. खाचर आटल्यावर फायटर डबक्यात राहतो, कारण पाऊस येणार असतो. त्याची तग धरायची ताकद पावसाळ्यापर्यंतची आहे. आपण ती बारमाही समजलो. बरणीत पाऊस येत नाही.

आज

फेब्रुवारी २०१९मध्ये थायलंडने फायटरला राष्ट्रीय जलचर घोषित केलं. मात्र रानातल्या मूळ फायटरची नोंद आंतरराष्ट्रीय यादीत 'असुरक्षित' अशी आहे. पाणथळ जागा कमी होतात आणि पाळीव मासे पाण्यात सोडल्याने रानातल्या वंशात भेसळ होते. म्हणून नको झालेला फायटर खांदेश्वरच्या तलावात सोडणं हा सुटकेचा मार्ग नाही, माशासाठीही नाही आणि तलावासाठीही नाही. आपल्याकडे प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि त्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव. मे २०१७मध्ये केंद्राने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले होते, पुढे ते मागे घेतले गेले. त्यामुळे बरणीचा प्रश्न घरातल्या माणसावरच येऊन थांबतो.

उरलेले नर मी ओळखीत वाटले. अट एकच, किमान पंधरा लिटरचा टँक. दोघांनी अट ऐकून नको म्हटलं आणि मला ते आवडलं. तो पहिला निळा नर आता नाही. त्याचा एक मुलगा आहे, पंचवीस लिटर पाण्यात, छोटा फिल्टर, मनीप्लांटच्या मुळांत दडून बसतो. मी पुन्हा पैदास केली नाही. पाऊस सुरू झाला की मात्र तो बदामाच्या पानाखाली घरटं बांधतो. मादी नसते, अंडी नसतात. बाहेर कॉलनीच्या रस्त्यावर पाणी साचलेलं असतं, आणि आत तो एकेक बुडबुडा वर नेऊन ठेवत असतो.