बांधाआधीची शाळा

१९७२ च्या दुष्काळाची आठवण नगर जिल्ह्यातील आमच्या घरांतून अजूनही निघते. तो काळ ज्यांनी जाणतेपणी पाहिला, त्यांच्यापैकी आता थोडेच उरले आहेत. परंतु डोक्याला फडके बांधून खडी फोडणाऱ्या बाया, मिलो ज्वारीची तांबडी भाकरी, सुकडी आणि आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने भरला जाणारा हंडा यांचे वर्णन ऐकतच आमची पिढी वाढली. ऐकताना एक प्रश्न मात्र आम्हांस कधी सुचला नाही. त्या वर्षी हजारो हातांनी पाझर तलाव खोदले, नाल्यांवर बांध घातले; मग पुढे दर चार-दोन वर्षांनी तीच गावे टँकरची वाट का पाहू लागली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा एक नसून दोन आहेत, असे म्हटले तरी चालेल. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे उतरू लागलो की थोड्याच अंतरावर पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. इंग्रज सरकारने प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधले व १९२६ साली ते पूर्ण झाले. त्या पाण्यावर श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागांत ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा हिरवा मुलूख पाहिलेला आहे. परंतु कालव्याचे पाणी उतारानेच वाहते. डोंगराच्या कुशीतील आणि पठारावरील गावांना त्याचा उपयोग नव्हता. संगमनेर, पारनेर, नगर या तालुक्यांतील अशी अनेक गावे आकाशाकडे डोळे लावून बसली, ती बसलीच.

पाणी जेथे पडते तेथेच अडवावे, हा विचार काही नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारने लष्करी व पोलिसी मनुष्यबळ वापरून ठिकठिकाणी ताली व बंधारे बांधावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल व मातीही वाहून जाणार नाही, असे सुचविले होते. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत सरकारने कामे काढली, स्वातंत्र्यानंतर वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना आली व तिचा कायदा १९७९ पासून अमलात आला. या योजनेने अनेक घरांतील चूल पेटती ठेवली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तथापि त्या कामांवर गावकरी होता तो मजूर म्हणून. बांध कोठे घालावयाचा हे कोणी दुसऱ्याने ठरविले, मोजमाप तिसऱ्याने घेतले, आणि हजेरीपत्रक बंद झाले की त्या बांधाशी गावाचा संबंधही संपला. दोन पावसाळ्यांत चर गाळाने भरले, बांधाला भगदाड पडले, तरी ‘ते सरकारचे आहे’ असे म्हणून लोक बाजूने निघून जात.

फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव आपल्या वाचकांना परिचित असेल. १९२४ साली जन्मलेले फादर बाखर १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रमले. १९६० च्या दशकात त्यांनी नगर येथे सोशल सेंटरची स्थापना केली. आरंभी त्यांची वाटही त्या काळातील इतर कार्यकर्त्यांसारखीच होती. गरीब शेतकऱ्याला कर्ज मिळवून द्यावे, विहीर खोदून द्यावी, पंप बसवून द्यावा, म्हणजे तो पायावर उभा राहील, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. हिशेब काही वर्षे जुळलाही. परंतु विहिरी वाढल्या तसे पाणी खाली गेले, आणि ज्याच्या नावावर कर्ज होते त्याच्याच विहिरीचा तळ उघडा पडू लागला. उपसण्याची सोय झाली होती. भरण्याचा विचार राहून गेला होता. स्वतःच्या हातून झालेल्या कामाकडे असे पाहणे कोणालाही सोपे नसते. या माणसाने ते केले, आणि विहिरीवरून नजर उचलून ती डोंगरमाथ्याकडे वळविली.

याच सुमारास आसपास इतर प्रयोगही सुरू झाले होते. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरावा, हे त्याचे सूत्र होते. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीचे काम १९७५ पासून आकार घेऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सोशल सेंटरने नगर तालुक्यातील पिंपळगाव वाघा येथे ग्रामस्थांना बरोबर घेऊन पाणलोटाचे काम हाती घेतले. १९८९ साली भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली व १९९२ पासून प्रत्यक्ष कामास प्रारंभ झाला. पैसा जर्मनीच्या विकास बँकेकडून येई व नाबार्डच्या द्वारे गावापर्यंत पोहोचे. गावकऱ्यांची व स्थानिक संस्थांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली. ‘वॉटर’ या संक्षिप्त नावानेच ती पुढे ओळखली गेली. डॉ. मार्सेला डिसोझा यांनी या कामात स्त्रियांचा सहभाग घडविण्याची बाजू सांभाळली.

या कार्यक्रमाचे वेगळेपण त्याच्या क्रमात होते. गावाने अर्ज केला की लगेच पैसा येत नसे. आधी बारा ते अठरा महिन्यांचा तयारीचा टप्पा असे. या काळात गावाने शिवाराचा थोडासा भाग स्वतः विकसित करून दाखवावयाचा, चुका करावयाच्या व त्या दुरुस्तही करावयाच्या. प्रत्येक घराने चार दिवस श्रमदान करून आपली इच्छा सिद्ध करावयाची. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ग्रामसभेत मान्य करावयाची. सर्व वाड्यांचे, सर्व समाजांचे प्रतिनिधी घेऊन ग्राम पाणलोट समिती नेमावयाची, आणि त्या समितीने बँकेत खाते उघडून हिशेब गावापुढे मांडावयाचा. हा टप्पा पार पडला तरच मोठ्या कामाचा निधी मिळे, आणि त्यातही अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा गावाने श्रमातून उचलावयाचा. भूमिहीन आणि एकट्या स्त्रीच्या आधारावर चालणाऱ्या गरीब घरांना त्यातून सूट असे.

या बांधाआधीच्या शाळेत शिकविले तरी काय जाई? तीन काठ्या इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकारात बांधावयाच्या, शेंड्यापासून दोरीने एक दगड सोडावयाचा, आणि दोरी मधल्या काठीवरील खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असे समजावयाचे. एवढ्या साधनाने अक्षरओळख नसलेला मनुष्यही डोंगरउतारावर समपातळी रेषा आखू शकतो. त्या रेषेवर चर खोदले की पाणी धावत नाही, थांबते. थांबले की मुरते. काम नेहमी माथ्यापासून पायथ्याकडे, कारण वरचे पाणी सुटलेले असेल तर खालचा बांध टिकत नाही. शेताचे नियोजन गटनंबरनिहाय होई. नवरा-बायको दोघांनी स्वतःच्या शेतात उभे राहून तंत्रज्ञासमवेत ठरवावयाचे की येथे बांध, येथे झाडे, येथे गवत. आपल्या गावांत सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच असते. तिला बांधावर बोलावून तिचे मत विचारणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

एक हिशेबही शिकविला जाई, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. वर्षाला केवळ ४०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या, सर्वत्र कोरडे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातही एका हेक्टरवर ४० लाख लिटर पाणी उतरते. आपल्या गावात पाणीच नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलेल्या माणसाला हा आकडा स्वतः मांडून पाहिल्यावर काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या शाळेतून बाहेर पडलेले एक गाव. तेथे १९९६ ते २००१ या काळात काम झाले. गावात ठाकर समाजाची वस्ती, मेंढरांवर जगणारी कुटुंबे आणि जमीनधारक शेतकरी, असे तीन प्रकारचे जीवन एकत्र नांदत होते. चराईबंदी म्हणताच पहिला घाव बसला तो मेंढपाळांवर. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला उद्या पाणी मिळणार. पण ज्याच्याकडे केवळ मेंढरे आहेत, त्याने आज कोठे जावे? हा प्रश्न न्याय्य होता, आणि तो रेटून नेता आला नाही. बैठका झाल्या, वादविवाद झाले, बंदी टप्प्याटप्प्याने घालावी असा मार्ग काढावा लागला. तयारीसाठी दीड वर्ष का लागते, हे दरेवाडीवरून कळते. चर खोदायला तेवढा वेळ लागत नाही. शेजाऱ्याची अडचण समजून घ्यायला लागतो.

कामानंतर उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर बंद झाला. शेतावरचा रोजगार वर्षातून ३-४ महिने मिळत असे, तो ९-१० महिन्यांवर गेला. पुढे दरेवाडीतच संस्थेचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. काल जे गाव शिकत होते, तेथे इतर गावांचे लोक शिकावयास येऊ लागले. १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकार व नाबार्ड यांच्या प्रत्येकी १०० कोटी रुपयांतून पाणलोट विकास निधी घोषित झाला, त्यामागे महाराष्ट्रातील या अनुभवाचा मोठा आधार होता.

परंतु इतिहास येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाणी आले तसे पंपही आले. विहिरींवरील विजेच्या मोटारींची संख्या अनेक पटींनी वाढली, बोअर खोल गेले, बाजरी-मठाच्या जागी कांदा व इतर नगदी पिके आली. ज्याची विहीर पायथ्याला, त्याला लाभ अधिक. ज्याला जमीनच नाही, त्याला सर्वांत कमी. फादर बाखर यांनी ज्या चुकीपासून धडा घेतला, तीच चूक अडविलेल्या पाण्याच्या बाबतीत गावोगाव पुन्हा होऊ लागली. पाणी अडवावयास शिकलेली गावे ते वापरावयास शिकली नव्हती.

म्हणून शाळेला दुसरी इयत्ता जोडावी लागली. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून कोणती पिके घ्यावयाची हे ठरविण्याचा शिरस्ता पाडला. ‘वॉटर’ संस्थेने गावातीलच तरुणांना जलसेवक म्हणून तयार केले. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणे, विहिरींची पातळी मोजणे, शिल्लक पाण्याचा अंदाज गावाला सांगणे हे त्यांचे काम. २०१६ पासून पाणी फाउंडेशननेही वॉटर कप स्पर्धेत उतरणाऱ्या गावांतील निवडक ग्रामस्थांना आधी चार दिवस प्रशिक्षण दिले, मगच फावडे हाती दिले. कायदाही आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अन्वये खोल विहिरी घेण्यावर निर्बंध आहेत. तरीही बोअरची गाडी रात्री कोणाच्या शेतात उभी राहते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. जेथे ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो, तेथे तिला अडविण्याचे धैर्य लोकांत येते. जेथे वाचला जात नाही, तेथे कायद्याचा कागद कपाटातच राहतो.

हा प्रश्न केवळ अवर्षणग्रस्त मुलखाचा आहे, असे वसईच्या किनाऱ्यावरील आमच्या वाचकांनी समजू नये. ज्या बावखलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाड्या जगविल्या आणि गोड्या विहिरी राखल्या, त्यांतील कितीतरी भराव टाकून बुजविली गेली. बावखल कशासाठी असते, हे सांगणारे आजोबा गेले आणि नातवाला तो केवळ मोकळा भूखंड दिसू लागला. दरेवाडीत जे शिकवावे लागले, ते वसईत एके काळी सर्वांना येत होते. शिकविणे थांबले म्हणून ते विसरले गेले.

फादर बाखर यांचे २०२१ साली निधन झाले. त्यांच्यानंतर चर, बांध आणि झाडे उरली आहेत. परंतु चर गाळाने भरतात, बांध खचतात. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी तीन काठ्यांचे ते साधन हाती धरले होते, ते आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांची मुले पुण्याच्या, चाकणच्या कारखान्यांत आहेत. यंदाच्या पावसाळ्याआधी आपापल्या गावात दोनच गोष्टी विचाराव्यात, अशी आमची वाचकांना विनंती आहे. समपातळी रेषा आखता येणारे कोण कोण गावात उरले आहे? आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत शेवटचा कधी वाचला गेला? उत्तर मिळाले नाही, तर शाळा पुन्हा भरविण्याची वेळ आली आहे असे समजावे. शिकविणारे अजून हयात आहेत, तोवरच ते शक्य आहे.