पावसाचे हजेरीबुक



हवामानशास्त्रावर बोलण्याचा अधिकार पदवीनेच मिळत असेल, तर तो आम्हाला नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. पण त्या बाकावर एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो, ती म्हणजे पुरावा कशाला म्हणावे. तेवढ्याच भांडवलावर आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

2014 सालच्या जुलैच्या 30 तारखेला सकाळी आपल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेर आणली ती एस.टी.च्या एका चालकाने. नेहमीच्या फेरीला तो आला, तेव्हा वस्तीच्या जागी त्याला चिखल दिसला. त्यानंतर एका सभेत आम्ही आवेशाने सांगून टाकले, की हे हवामानबदलाचे बळी आहेत. सभा उठल्यावर एक वृद्ध शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, "पुढारी, पाऊस आमच्या आज्याच्या काळीही झोडपतच होता. बदलला म्हणता ते कशावरून?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या बाबांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम बाबांचे जे खरे आहे ते मान्य करू. हवामान पूर्वीही बदलत आले आहे आणि त्याची एक खूण आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच. परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ही राख त्यामानाने कालपरवाची. तिच्या रासायनिक घडणीवरून ती दूर सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे दाखवण्यात आले. तिच्या वयावरून मात्र संशोधकांत मोठा वाद माजला. कोणी 75 हजार वर्षे म्हणाले, कोणी कित्येक लाख वर्षे. आम्हाला या वादाचेच अधिक कौतुक वाटते. हे लोक एकमेकांचे सहजासहजी ऐकणारे नव्हेत. एका मुठीएवढ्या राखेवरून जे वर्षानुवर्षे भांडतात, ते एखाद्या गोष्टीवर एकमत झाले, तर आपण कान द्यावा हे बरे.

ज्वालामुखीने हवामान कोणत्या बाजूला झुकते, हेही आता मोजलेले आहे. 1991 साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो फुटला, तेव्हा त्याच्या धुराळ्याने सूर्यप्रकाश अडून पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड झाली. दोनतीन वर्षांत ती पूर्ववत झाली. म्हणजे अशा स्फोटाने थंडावा येतो, आणि तोही टिकत नाही. आजची तक्रार नेमकी उलटी आहे.

मग उष्णता आली कोठून? येथे आम्ही आमच्या धंद्यातील एक हकीकत सांगतो. एका कारखान्यात रात्रीच्या जादा कामाचे पैसे बुडवले जात होते. मालकांचे हजेरीबुक अगदी स्वच्छ. आम्ही तीन वह्या जमवल्या. एक फाटकावरच्या पहारेकऱ्याची, दुसरी उपाहारगृहातील चहाच्या कुपनांची, तिसरी औषधपट्टीच्या खोलीतील. लिहिणारी माणसे तीन, कारणे तीन, कोणी कोणाला विचारून लिहिले नव्हते. तरी रात्रीचे तास तंतोतंत जुळले. एक वही खोटी असू शकेल. परस्परांना न ओळखणाऱ्या तीन वह्या एकच खोटे बोलत नाहीत. कामगार ते पैसे घेऊनच घरी गेले.

पृथ्वीच्याही अशाच वह्या आहेत. पहिली तापमापकांची. आपल्या देशात हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. वादळे आणि दुष्काळ यांनी सरकारला ते करणे भाग पाडले. पुढच्याच वर्षी दख्खनचा भयंकर दुष्काळ सुरू झाला. 1928 साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि 1962 साली पुण्यातच उष्णदेशीय हवामानाची संशोधनसंस्था निघाली. म्हणजे देशाच्या पावसाचे हजेरीबुक आपल्या जिल्ह्यातच ठेवले जाते. त्याच्या आधारे 2020 साली केंद्र सरकारच्या अहवालात नमूद झाले, की 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले.

दुसरी वही हवेची. काही वायू उष्णता धरून ठेवतात, हे टिंडॉलने 1859 साली प्रयोगाने दाखवले. कोळसा जाळून कार्बन वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित अर्‍हेनियसने 1896 साली हाताने मांडले. तेव्हा या प्रश्नाला पक्ष नव्हता आणि झेंडाही नव्हता. 1958 पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कीलिंगने तो वायू मोजण्यास प्रारंभ केला. त्या वेळी दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर गेला आहे.

तिसरी वही बर्फाची. दक्षिण ध्रुवावरील बर्फात जुनी हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली आहे. गेल्या आठ लाख वर्षांच्या त्या हवेत हा वायू 300 भागांच्या वर गेलेला आढळत नाही.

आणि चौथी वही ही प्रत्यक्ष ठशांची. कोळसा व खनिज तेल इतके जुने, की त्यांतील किरणोत्सारी कार्बन केव्हाच संपलेला. हवेतील त्या कार्बनचे प्रमाण अशा जुन्या धुराने पातळ होत आहे, हे 1955 सालीच दिसून आले. शिवाय सूर्यच तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि वरचा थंड होत आहे. अंगावर घोंगडी घेतली म्हणजे आत ऊब राहते आणि बाहेर कमी जाते, तसाच हा प्रकार आहे. चारही वह्यांत एकच नाव निघते, आणि ते नाव माणसाच्या भट्टीचे आहे.

आता बाबांच्या पावसाकडे येऊ. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. 2006 साली पुण्याच्या गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 ते 2000 ची नोंद तपासून दाखवले, की मध्य भारतात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. 2017 साली त्याच संस्थेतील रॉक्सी कोल यांनी सहकाऱ्यांसह दाखवले, की विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढले. उलट एकूण मोसमी पाऊस काही प्रदेशांत घटला आणि त्यांत पश्चिम घाटही आहे. पाऊस पूर्वीही झोडपत होता, हे बाबांचे म्हणणे खरेच. फक्त संथ धार कमी होऊन झोडपणे वाढले आहे. भीमाशंकरच्या उतारावर ते दरड होऊन येते, तर आणे पठारावर तेच पाणी मुरण्यापूर्वी वाहून जाते.

मग माळीण याच बदलाने गेले काय? तसे आम्ही आज म्हणणार नाही. एका दरडीला उताराची घडण, मातीची खोली, पाण्याचा निचरा, जमिनीची उकराउकर अशी अनेक कारणे असतात. एका रात्रीच्या पावसावरून खटला उभा राहत नाही. पन्नास वर्षांच्या नोंदीवरून राहतो. त्या सभेत आम्ही निकाल आधी दिला आणि साक्षी काढल्याच नाहीत. ती चूक आमची.

तथापि वह्या वाचता आल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. 2020 सालच्या 3 जूनला निसर्ग वादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि घाट ओलांडून आपल्या पश्चिम पट्ट्यात घुसले. अरबी समुद्रातील चक्रीवादळे 2001 ते 2019 या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे निम्म्याने वाढल्याचे पुण्याच्याच संशोधकांनी 2021 साली मांडले आहे. त्या वादळात हिरड्याची मोठमोठी झाडे उन्मळून पडली. बाळहिरडा वेचून वर्षाची मीठमिरची भागवणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांचे ते पिढ्यांचे भांडवल होते. भरपाईसाठी त्यांना पुढे कित्येक वर्षे मोर्चे काढावे लागले आणि धरणे धरावे लागले.

ज्यांच्या घरी कोळशाची भट्टी नाही, मोटार नाही, विजेचा दिवाही उशिराच आला, त्यांनी या चार वह्यांत किती धूर लिहिला असेल? जवळजवळ काहीच नाही. तरी दंड त्यांच्याच नावावर पडला. कामगार चळवळीत अशा हिशेबाला आम्ही एकच नाव देतो आणि ते आपणांस ठाऊक आहे.

आमची विनंती लहान आहे. प्रत्येक गावाच्या शाळेत पर्जन्यमापक असावा आणि मुलांनी रोजचा पाऊस वहीत लिहावा. घरामागे फुगणाऱ्या भेगेची, आटलेल्या झऱ्याची, पडलेल्या हिरड्याची तारीख टिपून ठेवावी. पुढे कोणी अधिकारी विचारील, "कशावरून?", तेव्हा आपल्या हातात वही असली पाहिजे. त्या दिवशी आमच्या हातात ती नव्हती.