तळटीप १४ : शेवरी

१४. शेवरी : येथे काटेसावर समजू नये. तिलाही काही भागांत शेवरी म्हणतात आणि उशांत भरायचा ‘शेवरीचा कापूस’ तिचाच. लेखकाला देवपूरच्या मळ्याच्या कडेने जी दिसते ती कडधान्यांच्या कुळातली, संस्कृतात जयंती म्हटलेली, सेस्बानिया सेसबॅन. पाने चिंचेसारखी बारीक, फुले पिवळी; पाठच्या पाकळीवर बहुधा जांभळे-तपकिरी ठिपके. शेंगा दोरीसारख्या बारीक, वीतभर लांब. वाढ अतिशय झपाट्याची: पाणी मिळाले तर वर्षात पुरुषभराहून कितीतरी उंच. आयुष्य मात्र थोडे.

खानदेशात ती केळीच्या बागेची राखणदार. वैशाखातल्या उष्ण वाऱ्याने केळीची पाने चिरतात, झाडे कोलमडतात. म्हणून मृगबाग धरतानाच बांधाच्या कडेने शेवरीचे बी दाट टाकतात, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत आडोसा तयार होतो. पानमळ्यात नागवेल तिच्यावरही चढवतात. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. पाला शेळ्यांचा इतका आवडता, की कुंपण राखायचे तर शेळ्यांवरच लक्ष ठेवावे लागते! पुढच्या परिच्छेदातली ‘छाटलेली शेवरी’ ती हीच. छाटल्यावर ती पुन्हा फुटते.

देवपूर हा धुळ्याचा पांझरेच्या उत्तर तीरावरचा भाग. मूळ मजकुरातला ‘फड’ म्हणजे या नदीवरच्या बंधाऱ्यांच्या पाटपाण्यावर सामाईक व्यवस्थेने भिजणारा जमिनीचा पट्टा. तमाशाचा फड येथे समजू नये.